घरी असतानाचे महिने

मेल्चोर रंगात येऊन गोष्ट सांगत होता. ती अर्ध्यावर आली असताना त्याच्या मुलीने, जोव्हेलने, ताटातल्या माशाचा मधला काटा सावकाश उचलून कडेला ठेवला आणि मान वर न करता म्हटलं, "पापा, ते तू नव्हतास."

रविवारची दुपार होती. बुधवारी सकाळी तो पुन्हा जहाजावर निघणार होता, म्हणून त्याच्या बायकोने, अर्लीनने, आपल्या भावाला, जोव्हेलच्या तियो रेनानला, आणि शेजारच्या दोन घरांना जेवायला बोलावलं होतं. अंगणातल्या आंब्याखाली टेबलं जोडली होती, खाडीपलीकडे फिलिपिन्सचंच दुसरं बेट, गिमारास, उन्हात विरघळल्यासारखं दिसत होतं. गोष्ट जोव्हेलच्या पहिल्या कम्युनियनची, चर्चमधल्या पहिल्या प्रसादविधीची होती. ती तेव्हा आठ वर्षांची. अंगात पांढरा झगा, आणि नेमकं त्याच दिवशी समुद्राला उधाण येऊन चर्चसमोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. मेल्चोरने तिला खांद्यावर घेतलं, तिने बूट हातात धरले, त्यातला एक निसटून पाण्यात पडला आणि होडीसारखा डुलत चालला, तो एका पिवळ्या कुत्र्याने तोंडात धरून चर्चच्या पायरीवर आणून ठेवला. ही गोष्ट त्याने पूर्वीही सांगितली असावी. सांगताना त्याचा उजवा खांदा आपोआप थोडा खाली जाई.

"मी नाही तर कोण?" त्याने हसत विचारलं.

"तियो रेनान होते. तू जहाजावर होतास."

मग रेनान भाताचं भांडं स्वतःकडे ओढत म्हणाला, "अगं, सांगू दे की मानोंगला, माझ्या थोरल्या दाजीला. तो माझ्यापेक्षा छान सांगतो. मी सांगितली असती तर कुत्रा विसरलो असतो." सगळे हसले. मेल्चोरही हसला, कपाळावर हात मारून म्हातारा झाल्याचं सोंग केलं, शेजारणीने त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि बोलणं दुसरीकडे गेलं. जोव्हेलच्या बोलण्यात खोच नव्हती. पंधरा वर्षांच्या मुली वहीतली चूक जशी खोडतात तशी तिने ती खोडली होती. पण मेल्चोरच्या हातातला घास हातातच राहिला. कारण त्याच्या खांद्यावर त्या मुलीचं वजन अजून होतं. तिचा ओला मोजा त्याच्या गळ्याच्या हाडाला लागत होता, तिची बोटं त्याच्या केसांत घट्ट रुतलेली होती, आणि चर्चच्या दारातून येणारा मेणाचा वास त्याला या घडीलाही येत होता. हे सगळं त्याचं नव्हतं म्हणजे मग कुणाचं होतं, हे त्याला कळेना. रेनान तर निवांत भात कालवत होता. त्याच्या खांद्याला काही आठवत असेल असं वाटत नव्हतं.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरालगतच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला. निघायच्या आधी हे काम त्याचं असे. नऊ महिने अर्लीन आपल्या फोनमधले, जोव्हेलच्या, रेनानच्या, शाळेतल्या बाईंच्या फोनमधले फोटो नि चित्रफिती गोळा करून घरच्या लॅपटॉपवर लावून ठेवी, प्रत्येक फोल्डरला त्या वेळी मेल्चोर ज्या जहाजावर असेल त्याचं नाव देई, आणि निघण्याआधी मेल्चोर ते सगळं आपल्या ड्राइव्हवर उतरवून घेई. एक प्रत घरी, एक त्याच्याजवळ. जहाजावर इंटरनेट असे, पण ते ठिबक सिंचनासारखं. चार ओळी जात-येत, चित्रफीत कधीच नाही. शिवाय तो सेकंड इंजिनियर होता, आणि जहाजावर जे बंद पडून चालत नाही ते सगळं निदान दोन असतं. दोन पंप, तीन जनरेटर, दोन होकायंत्रं. एकावर विसंबणारा माणूस समुद्रावर फार दिवस टिकत नाही, हे तो नव्या पोरांना शिकवत आला होता. स्वतः मात्र एकदा विसंबला होता. पूर्वी त्याच्याकडे जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती, आत तबकडी फिरणारी. जपानच्या वाटेवर वादळात ती टेबलावरून पडली आणि तेव्हापासून लावली की आतून पालीसारखी चुकचुकायची, बाकी काही नाही. घरच्या कॉम्प्युटरवरही त्या वेळी काही शिल्लक नव्हतं, कारण अर्लीनने जागा करायला तिथलं पुसलं होतं. दोन वर्षं गेली. जोव्हेलचं पहिलं पाऊल, पहिला दात, बोबडं बोलणं. त्या रात्री पाळी संपल्यावर तो ती डिस्क कानाशी धरून बसला होता, जणू काही ऐकू येईल. पुढल्या खेपेला सिंगापुरात उतरल्याबरोबर त्याने हा ड्राइव्ह घेतला. साबणाच्या झिजलेल्या वडीएवढा, काळा, कडेला रबराची पट्टी. दुकानदार म्हणाला होता, याच्या आत फिरणारं काहीच नाही, पडला तरी चालेल. फिरणारं काहीच नाही या गोष्टीवर मेल्चोरचा आधी विश्वास बसला नव्हता. त्याच्या जगात जे जिवंत असतं ते फिरतं.

त्याने वायर लावली, जोव्हेल लहान असल्यापासूनचे सगळे फोल्डर निवडले, आणि पट्टी डावीकडून उजवीकडे हिरवी होऊ लागली. दोन तास दाखवत होतं. तेवढ्यात त्याने घरच्या प्रतीतला कम्युनियनचा फोल्डर उघडला. चित्रफीत एक मिनिट अकरा सेकंदांची होती. अर्लीनचा हात हलत असावा, कारण चर्चचा मनोरा मधूनमधून तिरका होत होता. पाणी होतं, कुत्रा होता. कुत्रा पिवळा नव्हता, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके असलेला होता. आणि जोव्हेलच्या खाली, पँट मांडीपर्यंत दुमडलेला, चष्मा कपाळावर सरकवलेला रेनान होता. अगदी स्वच्छ दिसत होता तो. मेल्चोरने ही चित्रफीत किती वेळा पाहिली असेल याला हिशेब नव्हता. दुपारची पाळी संपवून, अंगाला तेलाचा वास येत असताना, केबिनमध्ये आडवं पडून, छातीवर लॅपटॉप ठेवून. खाली इंजिनाचा ठोका गादीतून पाठीला लागत असे, डोळे मिटायला लागत, आणि चित्रफीत पुन्हापुन्हा चालत राही. अशाच कुठल्या तरी दुपारी, झोप आणि जाग यांच्या मधल्या पाण्यात, रेनान हळूच बाजूला झाला असेल आणि मेल्चोर त्या पँटीत शिरला असेल. कुणाला कळलं नाही. त्याला स्वतःलासुद्धा नाही. पण मग मेणाचा वास कुठून आला, चित्रफितीला तर वास नसतो, असं मनाशी म्हणत तो बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की केबिनमध्ये तो दर रविवारी एक मेणबत्ती लावायचा.

मग त्याला राहवेना. तो एकेक आठवण उचलून फोल्डरशी ताडून पाहू लागला, जसं सुटे भाग यादीशी ताडतात. जोव्हेल सायकलवरून पडली आणि न रडता उठून सायकललाच ओरडली, ती आठवण: फोल्डरमध्ये होती, रेनानने टिपलेली. जोव्हेलच्या आजीने शेवटच्या दिवसांत तिला भिंतीवर सावल्यांचे पक्षी करून दाखवले ते: होतं. शेळीने शाळेची गोष्टींची वही खाल्ली तो दिवस: होता, सत्तेचाळीस सेकंद. प्रत्येक वेळी आठवणीत तो दाराशी किंवा झाडाखाली उभा होता, कधी कधी काही बोलतही होता. चित्रफितीत दार रिकामं होतं. तो न घाबरता हे करत होता, उलट त्याला एक प्रकारची गुंगी आली होती. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, खराट्याचा आवाज लांबून लाटांसारखा येत होता. असं वाटत होतं की आपण आपल्याच घरात पाण्याखालून चालतो आहोत, वस्तूंना हात लावावा तर त्या थोड्या बाजूला सरकतात.

मग त्याने उलट्या बाजूने शोधायचं ठरवलं. तो खरोखर घरी होता ते महिने. दर खेपेनंतर दोन महिने, कधी अडीच, सोळा वर्षांत मिळून जवळजवळ तीन वर्षं भरतील इतके. ते फोल्डर कुठे आहेत म्हणून तो यादी वर-खाली करू लागला. एका जहाजाचं नाव संपे आणि पुढच्या जहाजाचं सुरू होई. मध्ये काही नव्हतं. त्याला वाटलं नावात चूक झाली असेल, म्हणून त्याने तारखांनी लावून पाहिलं. गेल्या वर्षी एप्रिलच्या बाराला तो घरी आला होता, तेव्हा विमानतळावरचा एक फोटो, त्यात तो, हातात बॅगा, डोळे मिटलेले. त्यानंतर जूनच्या वीस तारखेपर्यंत काही नाही. जूनच्या वीसला पुन्हा विमानतळ. त्याच्या आधीच्या वर्षी तसंच. त्याच्या आधी तसंच. ड्राइव्हवर तो नव्हता ते सगळे दिवस होते, तासातासाने, मिनिटामिनिटाने. तो होता ते दिवस भोकासारखे होते, आणि भोकं अगदी त्याच्याच मापाची होती.

अर्लीन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून संध्याकाळसाठी तुरीच्या शेंगा सोलत होती. या बाजूची तूर काळी असते, तिची बोटं जांभळी झाली होती. तो तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"मी घरी असतो तेव्हाचे फोटो कुठे ठेवतेस?"

"कसले?"

"घरचे. नेहमीचे. मी असतानाचे."

तिने शेंग मोडली, दाणे भांड्यात पाडले. "काढतच नाही," ती म्हणाली. "तू घरी असताना दाखवायचं कुणाला?"

ती वळून बघत राहिली. "काय झालं? दुपारचं मनाला लावून घेतलंस? पोरीने सहज म्हटलं रे."

"नाही, नाही. सहजच विचारलं."

"तुझं सहज मला माहीत आहे," अर्लीन म्हणाली आणि त्याने बसावं म्हणून शेंगांची टोपली थोडी बाजूला सरकवली. तो बसला. त्याने शेंग उचलली. ती मोडता मोडता तो आठवायचा प्रयत्न करत होता. गेल्या वर्षीचे दहा आठवडे. काय केलं होतं आपण? छताला रंग लावला होता. तो रंग दिसतोय म्हणून आठवतं. बाकी? एक सकाळ, एक जेवण, एक भांडण, काहीतरी असेलच. त्याच्या हाताला ते लागत नव्हतं. जहाजावरच्या दिवसांत तो घर पाहत असे, पुन्हापुन्हा, पाठ होईपर्यंत. घरच्या दिवसांत तो नुसता घरात असे, आणि ते दुसऱ्यांदा पाहायला कुठेच मिळत नव्हतं, म्हणून एकदा होऊन पुसलं जात होतं. वाळूवर लाट चढते आणि उतरते, तितकंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर जोव्हेल टेबलाशी वही घेऊन बसली होती. शाळेच्या गणवेशावरच, केस वर बांधून. मेल्चोर समोरच्या खुर्चीवर बसला, उठला, पंख्याचं बटण बंद-चालू केलं, पुन्हा बसला. जहाजावर बारा माणसांना हुकूम देणारा माणूस, पण या मुलीशी बोलायचं तर आधी त्याला इकडेतिकडे काहीतरी हलवावं लागे.

"जोव्हेल, मी घरी असतो तेव्हा काय करतो?"

तिने पेन्सिल थांबवली. "म्हणजे?"

"म्हणजे तुला काय आठवतं. मी घरी असतानाचं."

ही चेष्टा आहे का हे तिने एकदा पाहून घेतलं. मग पेन्सिलीचं मागचं टोक दातात धरून विचार करू लागली. "दुपारी तू झोपतोस तेव्हा वॉशिंग मशीन लावतोस," ती म्हणाली. "रिकामंच. आत कपडे नसतात."

"मी?"

"हो. मम्मा ओरडते, पाणी वाया जातं म्हणून. मग तू पंखा तीनवर करतोस आणि रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये लावतोस, नुसती खरखर. मग झोपतोस. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचे पापा असेच झोपतात. एका मैत्रिणीच्या घरी तिचे पापा गप्प खोलीत झोपले होते तर मला वाटलं मेले."

मेल्चोर हसला. ती हसली नाही, आठवण्यात गुंतली होती. "आणि जेवताना तू सगळ्यांना मोजतोस. तीनच जण असलो तरी. ओठ हलतात तुझे. आणि तू मला स्क्रूड्रायव्हर कानाला लावून फ्रिजचं ऐकायला शिकवलंस. टोक मोटरवर ठेवायचं, मूठ कानाला. तू म्हणालास, आतला बेअरिंग खवखवतोय, हा आणखी सहा महिने जगेल. तो बरोबर सहा महिन्यांनी गेला. तू तेव्हा जहाजावर होतास. मम्माने नवीन आणला, तर मी आधी त्याचं ऐकलं."

"हे मी शिकवलं?"

"मग कोणी, तियो रेनानने?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात येत होता, लाकडी मुठीचा, पण तो इंजिनखोलीतला होता. मुलगी येत नव्हती. आणि तरी ती समोर बसून, बोटाने कानाजवळ मूठ कशी धरायची ते दाखवत होती, अगदी बरोबर, त्याच्याच पद्धतीने, अंगठा वर ठेवून. तो तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"पण का?" तिने विचारलं.

"काय का?"

"आवाज कशाला लागतो तुला झोपायला? आणि तिकडचे तुझे फोटो का नसतात? सगळे पाइपांचेच असतात. माझ्या वर्गात तिघांचे पापा जहाजावर आहेत, ते डेकवर उभे राहून फोटो काढतात. तू तिकडे काय करतोस हे मला माहीतच नाही. विचारलं की तू म्हणतोस, काही नाही, इंजिन."

तो म्हणणारच होता, काही नाही, इंजिन. पायरीवर अर्लीन भांडी पुसत होती, तिचा हात मंदावल्याचं त्याला आवाजावरून कळलं. त्याने टेबलावरचं खोडरबर उचललं, परत ठेवलं.

"जहाजावर गप्प झालं की काहीतरी बिघडलेलं असतं," तो म्हणाला. "म्हणून गप्प असलं की मला जाग येते."

"कधी गप्प झालं होतं?"

"एकदा. तू सहा वर्षांची असशील."

आणि मग त्याने सांगायला सुरुवात केली. आधी अडखळत, कारण ही गोष्ट त्याने कधीच सांगितली नव्हती आणि तिच्यात कुठे थांबायचं, कुठे हसायचं हे ठरलेलं नव्हतं. सामुद्रधुनीच्या तोंडाशी होते ते, दोन्ही बाजूंना दुसरी जहाजं. तो तेल गाळायच्या यंत्रांच्या खोलीत होता, सगळ्यात खाली, आणि त्याच्याबरोबर एक वयस्कर तेलवाला, यंत्रांना तेलपाणी करणारा खलाशी. अचानक दिवे गेले. आणि मग आवाज गेला. आधी जनरेटर, मग पंखे, मग मुख्य इंजिन, एकामागोमाग एक, जसे चर्चमधून लोक उठून जातात. आणीबाणीचा जनरेटर पाऊण मिनिटात आपोआप सुरू व्हायला हवा. झाला नाही. त्या कोपऱ्यातला बॅटरीवरचा दिवाही लागला नाही. मेल्चोरने खिशातला टॉर्च काढला तर तो हातातून निसटला आणि पायाखालच्या लोखंडी जाळीखाली गडगडत गेला. काळोख इतका की डोळे उघडे आहेत की मिटलेले हे हाताने चाचपून पाहावं लागलं. आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा समुद्र ऐकू आला. इतकी वर्षं समुद्रावर काढून त्याने तो कधी ऐकला नव्हता. पत्र्याच्या पलीकडे, कानापासून हातभर अंतरावर, कुणीतरी हळूहळू हात फिरवत असल्यासारखा.

"मग?" जोव्हेलने विचारलं.

"त्या तेलवाल्याने माझी बाही धरली. बिचारा घाबरला होता. मी त्याला म्हटलं, हलू नकोस, वरचे लोक करतील. आम्ही उभे राहिलो. चार मिनिटांनी दिवे आले."

"तू घाबरलास?"

मेल्चोरने अर्लीनकडे पाहिलं. ती भांडं हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"हो," तो म्हणाला.

"हे तू मला कधी बोलला नाहीस," अर्लीन म्हणाली. रागाने नाही. तिने आत येऊन भांडं फळीवर ठेवलं, मग खुर्ची ओढून बसली. जोव्हेलने आणखी विचारलं. जेवायला कुठे बसतात, खारं पाणी गोडं कसं करतात, जहाजावर कुणी मेलं तर काय करतात. त्याने एकेक सांगितलं. ऊन टेबलावरून भिंतीवर चढलं, भिंतीवरून निघून गेलं. फोटोसाठी कुणी फोन हातात घेतला नाही.

बुधवारी तो गेला. विमानतळावर अर्लीनने नेहमीसारखा फोटो काढला, त्यात तो डोळे उघडे ठेवून उभा होता. मनिला, मग सिंगापूर, मग बंदराच्या छोट्या बोटीतून जहाजाच्या शिडीपर्यंत. पहिले तीन दिवस आधीच्या सेकंड इंजिनियरकडून काम समजून घेण्यात गेले. चौथ्या दिवशी दुपारी पाळी संपवून तो केबिनमध्ये आला, आंघोळ केली, आणि सवयीने ड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला. तेवढ्यात फोन थरथरला. जोव्हेलची एकच ओळ आली होती, सकाळी पाठवलेली, आत्ता कुठे पोचलेली.

"पापा, त्या अंधारात तुझी बाही धरणाऱ्या माणसाचं नाव काय होतं?"

त्याने ती दोनदा वाचली. ठिबकत ठिबकत आलेली ओळ. तिला चार ओळींत उत्तर देता आलं असतं, नाव तर दोनच शब्दांचं होतं. तो फोन घेऊन बिछान्यावर बसला. खालून ठोका येत होता, व्यवस्थित, एकसारखा. त्याने नाव लिहिलं: तुन आंग. ब्रह्मदेशातला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, सुपारी खायचा, सगळ्यांना नातवंडांचे फोटो दाखवायचा. मग तो थांबला. खोलीत पाठीमागे ड्राइव्हवरच्या फोल्डरांची यादी उघडून तशीच पडली होती, त्याने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. तो डोळे मिटून त्या काळोखात परत गेला, पत्र्यापलीकडच्या पाण्याशी, आणि तिथे कुणीच काही टिपलेलं नसल्यामुळे सगळं जसंच्या तसं होतं: जाड्याभरड्या कापडाचा कफ, त्यावर तेलाचा वाळलेला पापुद्र्यासारखा डाग, आणि तो कफ मुठीत आवळून धरणारी स्वतःची बोटं. तुन आंग त्याच्या भाषेत काहीतरी हळू हळू म्हणत होता, लहान मुलाला निजवताना म्हणतात तसं.

मग त्याने पुढची ओळ लिहिली.

"जोव्हेल, त्याने माझी बाही धरली नव्हती. मी त्याची धरली होती."